तेलगोटे मास्तरांचा प्रायव्हेट नंबर

मी आज ज्या खुर्चीवर बसतो ती मला साहेबराव तेलगोटे यांच्या संशयी स्वभावामुळे मिळाली. आई-वडिलांचं ऋण वेगळंच असतं. पण त्यांच्यानंतर एकच नाव सांग म्हटलं, तर मी हेच नाव सांगेन. हे मी त्यांच्या तोंडावर म्हणालो असतो तर त्यांनी चष्मा खाली ओढून माझ्याकडे पाहिलं असतं आणि विचारलं असतं, “काहून? काय पाह्यजे तुले?”

बडनेऱ्याच्या नव्या वस्तीत सगळे त्यांना मास्तर म्हणत. नवीन माणसाला ते शाळेतले मास्तर वाटत. ते होते स्टेशन मास्तर. आपल्याच भागातल्या, आता बंद पडलेल्या एका लहान लाइनीवर त्यांची उमेदीची वर्षं गेली. त्या लाइनीचं नाव मी लिहीत नाही, आणि तिथल्या दोन स्टेशनांची नावंही बदलून कवठा आणि निंभारी अशी लिहितो. मास्तरांना खरी नावं छापलेली आवडली नसती.

मी मूळचा बाळापूर तालुक्यातला. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. अमरावतीला बी.एस्सी.ला प्रवेश मिळाला, वसतिगृहात मिळाला नाही, म्हणून बडनेऱ्याला मास्तरांकडे अंगणातली खोली घेतली. पहिल्याच दिवशी त्यांनी मला एक चिठ्ठी दिली. तिच्यावर त्र्याहत्तर हा आकडा लिहिला होता.

“तुहा बाप गुरुवारी सामान घेऊन येणार म्हणतं ना? म्या त्याले पाह्यलं नाई. कोणीबी येईन अन् म्हणीन, मी प्रवीणचा बाप. त्याले हा नंबर सांगून ठेव.”

मला इतकी लाज वाटली की वडिलांना फोनवर सांगताना मी अडखळलो. गुरुवारी वडील गादीची वळकटी आणि ज्वारीचं पोतं घेऊन फाटकाशी उभे राहिले. डोक्यावरची टोपी काढून म्हणाले, “नमस्कार साहेब. त्र्याहत्तर.” मास्तरांनी वही उघडली, आकडा खोडला, पुढे वेळ लिहिली. मग ते पोतं त्यांनी स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि आत नेलं. त्यांचं वय तेव्हा पोती उचलायचं नव्हतं.

संध्याकाळच्या गाडीला पोचवायला गेलो तेव्हा वडील म्हणाले, “माणूस चांगला हाय रे. पण याले कोणीतरी मोठा दगा देल्ला हाय. त्याच्याबिगर माणूस असा होत नाई.”

तो नंबर काय प्रकार आहे हे मला पुढे समजलं. लहान लाइनीवर रूळ एकेरी. दोन स्टेशनांमध्ये एका वेळी एकच गाडी हवी. म्हणून गाडी सोडण्याआधी पुढच्या स्टेशनला घंटी मारायची आणि फोनवर विचारायचं, अमुक नंबरची गाडी सोडू का? पुढचा मास्तर “सोडा” म्हणतो, म्हणजे लाइन क्लिअर देतो. पण नुसतं “सोडा” म्हटल्याने गाडी सुटत नाही. त्याच्याजवळ कुलपात एक छापील कागद असतो, त्यावर दोन आकडी नंबर उलटसुलट क्रमाने असतात. त्यातला पुढचा नंबर तो सांगतो आणि खोडतो. विचारणारा तो आपल्या रजिस्टरात लिहितो. उद्या काही झालं तर कोणी कोणाला काय सांगितलं याची खूण राहते. याला म्हणतात प्रायव्हेट नंबर. एकदा खोडला की तो पुन्हा चालत नाही.

रेल्वेत हे फक्त गाड्यांपुरतं होतं. मास्तरांनी ते घरात आणलं. त्यांच्या पत्नी, सुमनकाकू, स्वयंपाकघरातून ओरडायच्या, “चहा झाला, चौऱ्यांशी!” मास्तर बाहेरून विचारत, “कोणता चहा? साखरेचा का बिनसाखरेचा?” काकू म्हणायच्या, “बिनसाखरेचा! अन् आता नाई आले तर पुढच्या टेसनावर सोडून देतो!” काकूंचे नंबर बरेचदा मनाचे असत, हे मला माहीत होतं. मास्तरांनाही असावं. पण ते लिहून घ्यायचे.

रात्री निजताना दाराचं कुलूप ते तीनदा ओढत आणि मग काकूंना ओढायला लावत. पेपर आला की आधी तारीख पाहत. मनगटावरचं घड्याळ स्टेशनवरच्या घड्याळाशी जुळलं नाही तर स्टेशनवर जाऊन तक्रार करत. गल्लीतली पोरं त्यांना पाहून “नंबर सांगा, नंबर सांगा” म्हणत पळायची. त्यांना राग येत नसे. “पोट्टे बराबर बोलून राहिले,” म्हणत.

एकदा दुपारी त्यांच्या मोबाइलवर फोन आला. बोलणारा हिंदीत सांगत होता की मी तुमच्या बँकेतून बोलतो, खातं बंद पडणार आहे, मोबाइलवर आलेला सहा आकडी नंबर मला सांगा. मास्तर शांतपणे म्हणाले, “जरूर बताऊंगा. पहले आप अपना प्रायव्हेट नंबर दीजिए.” तो म्हणाला, कौनसा नंबर? मास्तर म्हणाले, “वही तो. आपको मालूम नहीं, तो आप बँक के नहीं.” तो माणूस चिडून शिव्या द्यायला लागला. मास्तरांनी वहीत वेळ लिहिली, शिव्या लिहिल्या आणि फोन ठेवला. त्याच महिन्यात गल्लीतले तिघेजण असल्याच फोनला फसले. तेव्हापासून लोक आलेला फोन खरा की खोटा हे विचारायला मास्तरांकडे येऊ लागले. मास्तर आधी विचारणाऱ्यावरच संशय घेत आणि मग सल्ला देत.

पण त्यांचं खरं राज्य मागच्या दोन खोल्यांत होतं. तिथे त्यांनी ती लहान लाइन बांधली होती.

एका खोलीत कवठा, दुसऱ्या खोलीत निंभारी. मध्ये विटांची भिंत आणि भिंतीला टेबलाच्या उंचीवर एक भोक. त्या भोकातून एकेरी रूळ गेलेला. डबे पत्र्याचे आणि पुठ्ठ्याचे, इंजिनांत जुन्या टेपरेकॉर्डरच्या मोटारी. दोन्हीकडे एक-एक घंटी, एक-एक जुना फोन, एक-एक रजिस्टर. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं, भिंत का ठेवली? पाडली असती तर एका नजरेत सगळं दिसलं असतं.

“दिसलं असतं म्हनूनच ठेवली. कवठ्याचा माणूस निंभारीले पाहू शकत नाई. आयकाचं, लिवाचं, अन् सोडाचं. पाहून कोणीबी गाडी चालवते.”

हौसेने लहान गाड्या चालवणारे लोक बहुधा गाडी फिरताना पाहून खूश होतात. मास्तर गाडीकडे फारसं पाहतच नसत. त्यांचं लक्ष गाडीच्या ओळखीवर. प्रत्येक इंजिनाच्या तोंडावर गोडेतेलाच्या डब्याच्या पत्र्याची चकती. कवठ्याहून निंभारीला जाणाऱ्या गाड्यांना विषम नंबर: एक, तीन, पाच. येणाऱ्यांना सम: दोन, चार, सहा. पॅसेंजरची चकती पांढरी, मालगाडीची काळी. हंगामात निघणारी कापसाची स्पेशल लाल, तिला नंबर नाही, नुसता ‘क’. आणि चकतीच्या मागे त्या दिवसाची तारीख चिकटवलेली.

“तारीख काहून?” मी विचारलं होतं.

“कालची तीन नंबर रस्त्यात फेल झाली अन् आज आली. आजची तीन बी आली. दोघीबी तीन. मंग तू कोणती सोडशीन?” मग चकत्या पुसत म्हणाले, “गाडीची जात, नंबर, तारीख, सगळं विचारून घ्यावं. माणसाची जात विचारू नाई. त्याले फक्त नंबर विचारावा.”

एकदा पुण्याहून एक हौशी गृहस्थ कॅमेरा घेऊन आले होते. त्यांच्या घरी म्हणे परदेशी इंजिनं होती. त्यांनी मास्तरांचं कौतुक केलं आणि बोलता बोलता कवठ्याचं बटण दाबून तीन नंबर सोडली. मास्तरांनी बाहेर जाऊन घराचा मेन स्विच बंद केला. गाडी भिंतीतच थांबली. “अहो, सहज पाहत होतो,” ते गृहस्थ म्हणाले. मास्तर म्हणाले, “सहजच होते सगळं.” काकूंनी त्यांना चहा दिला, पण तो अंधाऱ्या खोलीत प्यावा लागला.

निंभारीच्या टेबलावर बसायला माणूस लागायचा. एकट्याने घंटी मारून एकट्यानेच उत्तर देता येत नाही. आधी काकू बसत. मग एक पुतण्या बसायचा, तो नागपूरला गेला. नंतर मी. दर रविवारी दुपारी दोन तास. फोनवर आम्ही एकमेकांना ओळखत नसू. ते विचारायचे, “कोण बोलते?” मी म्हणायचो, “निंभारी.” प्रवीण म्हणालो तर फोन ठेवून देत. कधी मुद्दाम चुकीचा नंबर सांगून मला तपासत. मी पकडलं तर काही बोलत नसत. नाही पकडलं तर आठवडाभर ऐकवत. त्या वहीत मी शुद्ध लिहायला शिकलो, वेळ पाळायला शिकलो, आणि “मला वाटलं” हे शब्द विसरलो. “तुले वाटलं ते गाडीले माईत नसते,” असं ते म्हणायचे.

मी शेवटच्या वर्षाला होतो. हिवाळ्यातल्या एका रविवारी त्यांनी सकाळीच हाक मारली. टेबलावर नेहमीचं रजिस्टर नव्हतं. जुनं, पिवळं पडलेलं एक पान होतं.

“आज सगळे नंबर सकाळीच घेऊन ठेवाचे,” ते म्हणाले. “मी तुले दोन, चार, सहाचे देऊन ठेवतो. तू मले एक, तीन, पाचचे दे. पेन्सिलनं लिव.”

मी चकित झालो. “पण मास्तर, नंबर आगाऊ घ्यायचा नाही असं तुम्हीच…”

“आज चालते.”

मी नंबर दिले आणि घेतले. चार नंबरसाठी त्यांनी मला एकोणतीस दिला. मग ते भिंतीपलीकडे गेले. माझ्यासमोर त्यांनी काही चिठ्ठ्या पालथ्या ठेवल्या होत्या, घड्याळ पाहून एक-एक उघडायची. पहिल्या गाड्या नीट गेल्या. मग चिठ्ठी आली: तीन नंबर उशिरा धावते आहे. पुढची: चार नंबर उशिरा. पुढची: कापसाची स्पेशल निंभारीला हजर, कंट्रोल ऑफिसचा हुकूम, ताबडतोब कवठ्याकडे सोडा.

मी घंटी मारली. उत्तर नाही. थोडं थांबून पुन्हा मारली. उत्तर नाही. चिठ्ठी म्हणत होती ताबडतोब. तीन नंबर उशिरा, म्हणजे ती अजून कवठ्यालाच आली नसणार. माझ्या हातात एकोणतीस होता. चार नंबर तर येतच नव्हती, मग तिच्या जागी स्पेशल जाऊ द्यावी. मी पेन्सिलने ‘चार’ खोडून ‘क’ लिहिलं आणि गाडी सोडली.

भिंतीच्या आत टक्क असा आवाज झाला.

कवठ्याहून सुटलेली तीन आणि माझी स्पेशल, दोन्ही इंजिनांची तोंडं त्या भोकात एकमेकांना भिडली होती. मास्तर माझ्या खोलीत आले. मी त्यांना इतकं पांढरं पडलेलं कधी पाहिलं नव्हतं.

“घंटी काहून नाई मारली?”

“मारली मास्तर. दोनदा.”

“नाई मारली.”

“खरंच दोनदा मारली. तुम्ही उत्तर दिलं नाही.”

ते अगदी जवळ आले. मग आवाज अगदी खाली आणून म्हणाले, “काळ्यानं पाठवलं ना तुले? अकोल्याहून? पहिल्या दिवसापासून त्याचाच माणूस हाय तू.”

काळे कोण हे मला माहीत नव्हतं. मी तसं म्हणालो. मास्तरांनी निंभारीच्या खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली कनवटीला खोचली.

त्या दिवशी दुपारी काकूंनी मला अंगणात सगळं सांगितलं. फार वर्षांपूर्वी कवठ्याला मास्तर आणि निंभारीला बाबाराव काळे असे दोघे जिवलग दोस्त होते. इतका विश्वास की रोज सकाळी दोघे दिवसभराचे नंबर एकमेकांना देऊन ठेवत. नियमात हे बसत नव्हतं. मग एक दिवस स्पेशल आली. सकाळच्याच नंबरांवर दोन गाड्या समोरासमोर सुटल्या. मधल्या सरळ पट्ट्यात ड्रायव्हरांनी एकमेकांना पाहिलं म्हणून कोणाला खरचटलंही नाही. पण चौकशी बसली. सकाळचे नंबर दोघांनीही लपवले. मग प्रश्न एकच राहिला: काळ्यांनी घंटी मारली होती की नाही? काळे म्हणाले, दोनदा मारली. मास्तर म्हणाले, एकदाही नाही. दोघांनाही शिक्षा झाली, दोघांची दोन टोकांना बदली झाली. तेव्हापासून बोलणं बंद.

“दरसाली त्या दिवसाचं पान काढून ह्यायचा हाच खेळ,” काकू म्हणाल्या. “शहाणा माणूस त्या जागी बसला तर नंबरासाठी थांबते, घंटी मारत राह्यते, हे ह्यायले दाखवाचं असते. मी बसो तं थांबो. मले माईत होतं ना काय होणार हाय ते. पुतण्याबी भेवानं थांबे, मागचे दोन्ही साल या खेळाले नागपूरहून थोच आलता. तुले काईच माईत नोतं.”

मग त्या स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहून हळूच म्हणाल्या, “वाजली होती रे घंटी. दोन्ही खेप. मले आयकू आली. हे तिकळे खिडकीत उभे राहून तीन नंबरले हिरवी झेंडी दाखवून राह्यले होते. मोटार घरघर करत होती. कवठ्याले त्या दिवशी असंच झालं असन. पण मी सांगतलं तं म्हणतीन, तू बी काळ्याचीच.”

मी गप्प राहिलो. मास्तरांनी मला घराबाहेर काढलं असतं तर कदाचित बोललो असतो. पण त्यांनी काढलं नाही. बोलणं मात्र कामापुरतं राहिलं. आणि परीक्षा आली तेव्हा, मी काळ्यांचा माणूस आहे असं मानणारे हेच मास्तर रोज दुपारी फाटकात वही घेऊन उभे असत. “सीट नंबर? उत्तरपत्रिकेचा नंबर? पुरवण्या किती? बाक कोणता? किती वाजता देल्ली?” मी थकलेला असे. ते एक-एक लिहून घेत आणि माझी सही घेत.

माझा निकाल राखून ठेवला होता. चूक माझीच होती. भौतिकशास्त्राच्या एका पेपरला मी सीट नंबरचे शेवटचे दोन आकडे उलटे लिहिले होते. परीक्षा विभागातल्या बाई म्हणाल्या, तुम्ही गैरहजर दिसता. माझ्या डोळ्यांसमोर बाळापूरचं जिनिंग उभं राहिलं. मास्तर माझ्याबरोबर आले होते. त्यांनी पिशवीतून वही काढली आणि उत्तरपत्रिकेचा छापील नंबर, बाक आणि पुरवण्या वाचून दाखवल्या. त्यावरून गठ्ठ्यात शोध घेतला गेला आणि पेपर सापडला. बाई म्हणाल्या, “तुमच्या मुलाच्या बाबतीत फारच काळजी घेता तुम्ही.” मास्तर म्हणाले, “माहा पोरगा नाई हा. याच्यावर माहा भरोसा नाई, म्हनून लिवून ठेवलं.”

मी पदवीधर झालो. स्पर्धा परीक्षा देऊन अकोल्याला कार्यालयात लागलो. निघताना त्यांनी मला दहा नंबरांची एक कापलेली पट्टी दिली. “यातला नंबर नसला तर तुहं पत्र मी वाचणार नाई.” म्हणजे पत्र यावं असं त्यांना वाटत होतं. असं मी समजलो.

अकोल्यात वर्षभर मी काळे मास्तरांकडे गेलो नाही. आधी भीतीने, मग उपकाराच्या ओझ्याने. ज्यांच्यामुळे पदवी मिळाली त्यांना चूक ठरवायचं कसं? शेवटी एका रविवारी पत्ता विचारत गेलो. मुलाच्या घरी राहत होते. दारावर घंटीचं बटणच नव्हतं. कडी वाजवावी लागली. मी तेलगोटे मास्तरांचं नाव काढताच म्हातारा ताठ झाला.

“त्यानं धाडलं काय तुले? काय म्हणते थो, घंटी मारली नाई म्हणते?”

“त्यांनी पाठवलं नाही. मी आपणहून आलो.”

“कशावरून?”

दोघे खरोखर दोस्त असले पाहिजेत, असं मला तेव्हा वाटलं. मी त्यांना भिंतीतली टक्कर सांगितली. ते दिवाणावर बसले. मग म्हणाले, “सकाळच्या नंबराचं म्या साहेबाले नाई सांगतलं. त्यानंबी नाई सांगतलं. सांगतलं असतं तर दुसऱ्याची नौकरी जात होती. तेवढा भरोसा राह्यला होता पाह्य.” मग लगेच, “पण घंटी म्या मारली होती. दोनदा.”

त्या दिवशी मी मास्तरांना पत्र लिहिलं. पंधरा दिवस काही आलं नाही. मग फोन. “कोण बोलते?” मी नंबर सांगितला. खोडल्याचा आवाज आला. “तुह्या पत्रातलं ते खालचं अक्षर काळ्याचंच हाय. म्या भिंग लावून पाह्यलं. आठचा आकडा थो खालून वर काढते.” आणि फोन बंद.

पुढच्या रविवारी ते अकोल्याला आले. मी सोबत येऊ का म्हटलं, तर म्हणाले, “तू त्याच्याकडचा का माह्याकडचा, ते ठरलं नाई अजून.” म्हणून मी काळ्यांच्या घरी गेलो नाही. तिथे काय झालं ते मला काळ्यांच्या सुनेने सांगितलं. मास्तरांनी नमस्कार केला नाही. पिशवीतून कवठ्याच्या खोलीतली घंटी काढली, वायर जोडली आणि काळ्यांसमोर ठेवली. मग अंगणात गेले, रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले आणि झेंडी दाखवावी तसा हात वर केला. काळ्यांनी घंटी दाबली. पुन्हा दाबली. मास्तर थोडा वेळ तसेच उभे होते. मग आत आले, “नाई आयकू आली,” म्हणाले आणि काळ्यांच्या शेजारी दिवाणावर बसले. सुनेने चहा आणला. दोघांनीही साखर किती ते दोनदा विचारलं.

संध्याकाळी मी स्टेशनवर होतो. गाडी लागली तेव्हा मास्तरांनी आधी डब्यावरचा गाडीचा नंबर तिकिटाशी ताडून पाहिला, मग भोंग्यावरची घोषणा ऐकली, मग एका हमालाला विचारलं, आणि मग चढले. त्यांच्या पिशवीत घंटी नव्हती. मी विचारलं तर म्हणाले, “राहू दे त्याच्याजवळ. त्याच्या दारावर नाई.” गाडी हलली. त्यांनी हात हलवला नाही. मनगटाकडे पाहिलं आणि वहीत वेळ लिहिली. खिडकीतून मला फक्त वाकलेलं डोकं आणि चालणारी पेन्सिल दिसत होती. तेच शेवटचं. त्या उन्हाळ्यात ते गेले.

काकूंनी माझं पत्र मला परत दिलं. मास्तरांनी त्यावर मिळाल्याची तारीख आणि वेळ घातली होती, आणि माझा नंबर खोडला होता. ते पत्र असं:

आदरणीय मास्तर,

सविनय नमस्कार. माझा नंबर आधी लिहितो, म्हणजे तुम्ही पुढे वाचाल. एक्याऐंशी. पट्टीवरचा हा पुढचाच नंबर आहे, ताडून घ्यावा.

त्या रविवारी मी घंटी दोनदा मारली होती. मला कोणी पाठवलं नव्हतं आणि काही शिकवलंही नव्हतं. तुम्ही खिडकीत तीन नंबरला झेंडी दाखवत होता. स्वयंपाकघरात ती ऐकू गेली. काकूंवर रागावू नये, त्या तुम्हाला भिऊन गप्प राहिल्या. मीही भिऊन गप्प राहिलो. नंतर तुम्ही माझा पेपर शोधून दिला, म्हणून गप्प राहिलो. पण जे लिहिलं नाही ते झालंच नाही, असं तुम्हीच म्हणता. म्हणून लिहितो.

आज मी काळे मास्तरांना भेटलो. त्यांनी घंटी मारली होती. तुम्ही ती ऐकली नव्हती. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आपल्या रजिस्टरात घंटीला एकच रकाना आहे, मारली किंवा नाही मारली. मारली पण ऐकू गेली नाही, याला रकानाच नाही. त्यामुळे इतकी वर्षं दोघांपैकी एकजण खोटा ठरत राहिला. तुमच्याकडे ते आणि त्यांच्याकडे तुम्ही.

सकाळच्या नंबरांची गोष्ट चौकशीत त्यांनी तुमच्यासाठी लपवली. तुम्हीही त्यांच्यासाठीच लपवली असणार. मला हे विचारायचा अधिकार नाही.

तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवला नाहीत म्हणून मी पदवीधर आहे. तरी या एका पत्रावर ठेवावा, एवढीच विनंती. माझ्या शब्दावर नको. खाली काळे मास्तरांनी स्वतःच्या हाताने लिहिलं आहे:

‘निंभारीहून कवठ्याला. साहेबराव तेलगोटे यांना येण्यासाठी लाइन क्लिअर. प्रायव्हेट नंबर ६८.’

हा नंबर सकाळी देऊन ठेवलेला नाही, मास्तर. मी दोनदा विचारलं, तेव्हा त्यांनी दिला.

आपला,
प्रवीण